अध्यापनमुक्ती आणि मानव्यविद्यांतील संशोधन : दक्षिणा फेलोशिपपासून अध्यापक अधिछात्रवृत्तीपर्यंत

ग्रामीण भागातील अध्यापक पीएच. डी.साठी अधिछात्रवृत्तीचा अर्ज करतो, तेव्हा विषयाची निवड, मार्गदर्शकाची संमती आणि संशोधन आराखडा यांवर त्याचे बहुतेक श्रम खर्च होतात. अध्यापनातून मुक्ती कशासाठी हवी, या प्रश्नाला मात्र तो एका ओळीत उत्तर देतो. प्रस्तुत लेखकानेही आपल्या पहिल्या अर्जात ‘संशोधनास पुरेसा वेळ मिळावा म्हणून’ एवढेच लिहिले होते. वस्तुतः मानव्यविद्यांच्या बाबतीत अर्जाचा गाभा याच ओळीत असतो, हे मत प्रस्तुत लेखात मांडले आहे.

महाराष्ट्रात विद्यावृत्ती आणि अध्यापन यांची सांगड जुनी आहे. पेशवेकाळी विद्वान ब्राह्मणांना दिली जाणारी दक्षिणा १८१८ नंतर कंपनी सरकारने हळूहळू शिक्षणाकडे वळविली. या निधीच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज निघाले व त्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही असे फेलो होते. फेलोने आपले अध्ययन चालू ठेवावे आणि खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे अध्यापन हा वृत्तीचाच भाग होता. त्यातून सुटका मागण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र पालटले. १९५६ च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोगास वैधानिक स्वरूप आले आणि त्याचे अध्यक्षपद चिंतामणराव देशमुख यांच्याकडे गेले. देशमुखांचा जन्म रायगडच्या पायथ्याजवळील नाते गावचा. रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. आपल्या जिल्ह्यातील अध्यापक आयोगाकडे अर्ज पाठवितो तेव्हा हा धागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी अध्यापक अधिछात्रवृत्ती सुरू केली. तिचे वैशिष्ट्य रकमेत नव्हते. अध्यापकाला पूर्ण वेतनी रजा मिळे आणि त्याच्या जागी नेमलेल्या बदली अध्यापकाचे वेतन आयोग देई. विद्यार्थ्यांचे तास बुडू नयेत आणि सहकाऱ्यांवर भार पडू नये, ही दक्षता योजनेतच घेतलेली होती.

ही तरतूद इतिहासाच्या अभ्यासकास किती मोलाची आहे, हे गडब परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पेणहून नागोठणे-रोह्याकडे जाताना वडखळनंतर गडब लागते. अंबा नदी व धरमतर खाडीच्या काठची येथील खारजमीन बांध घालून समुद्राकडून मिळविलेली आहे. शिलोत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जमिनींचा उल्लेख १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये येतो. बांध फुटून खांड पडली की जोळातील सर्व कुळांनी मिळून ती बांधायची, ही रीत. १९४८ आणि १९७९ च्या खारजमीन कायद्यांनंतर ही जबाबदारी क्रमाक्रमाने शासनाकडे गेली. जोळ का मोडला, हा प्रश्न प्रबंधास निश्चितच योग्य आहे. परंतु त्याची साधने कोठे आहेत? पेशवाईचे मोडी कागद पुण्याच्या पुरालेखागारात, इंग्रजी अमदानीतील महसुली दप्तर मुंबईत. ही दप्तरे कामकाजाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेतच पाहता येतात. नेमक्या त्याच वेळी अध्यापक वर्गात उभा असतो. सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा निकष आहे. रविवारी दप्तर बंद असते. उरते मे महिन्याची सुटी, आणि त्यातही उत्तरपत्रिका तपासणी असतेच. बांधावरच्या वृद्धांच्या मुलाखतींची गोष्टही वेगळी नाही. पावसाळ्यात खांड पडते तेव्हा तेथे हजर असणे आणि भात कापणीनंतर सवडीने बोलणे, यांसाठी शैक्षणिक वेळापत्रकात जागा नाही.

म्हणून अर्जात ‘पुरेसा वेळ’ असे मोघम न लिहिता कोणते दप्तर, कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि ते शनिवार-रविवारी का होऊ शकत नाही, हे मांडले पाहिजे. विज्ञानाचा अभ्यासक उपकरणाची गरज जशी सिद्ध करतो, तशीच इतिहासाच्या अभ्यासकाने दिवसांची गरज सिद्ध केली पाहिजे. या बाबतीत आपण मानव्यविद्यावाले थोडे संकोची आहोत, असे वाटते.

तथापि केवळ चांगला अर्ज पुरेसा नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि तिच्याबरोबर पंचवार्षिक योजनांची चौकटही गेली. २०१८ च्या विनियमांत अभ्यास रजेची तरतूद आहे. परंतु रजा मंजूर होणे आणि बदली अध्यापक मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बदली अध्यापक नसेल, तर रजेवरील अध्यापकाचे तास विभागातील उरलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या माथी येतात. असा सहकारी नापसंती दर्शवितो तेव्हा त्याला दोष देता येत नाही. प्राचार्यांची शिफारस याच ठिकाणी अडते. दुसरीकडे पूर्णवेळ संशोधकांसाठीच्या अधिछात्रवृत्त्या नोकरीत असलेल्यास मिळत नाहीत. २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. बंद झाल्याने आमच्यासारख्यांच्या पदवीला पुढची पायरी म्हणून पीएच. डी. हाच मार्ग राहिला आहे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची अवस्था याहून बिकट. दक्षिणा फेलोप्रमाणे तेही शिकत-शिकवीत असतात. पण जितके तास घेतले तितकेच मानधन मिळत असल्याने पुण्याच्या दप्तरातील प्रत्येक दिवस त्यांना पदरमोड करून काढावा लागतो. अध्यापनमुक्तीचा अर्ज त्यांनी कोणाकडे करावा, याचे उत्तर विनियमांत सापडत नाही.