तळटीप : समतुल्य मंडल

१. समतुल्य मंडल : गुंतागुंतीच्या विद्युत जाळ्याच्या जागी कागदावर मांडलेले, बाहेरून अगदी तसेच वागणारे साधे मंडल. बंगळूरचेच उदाहरण घ्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे निघाली. १९०५ मध्ये तिने बंगळूरचे रस्ते उजळले. आज तिथल्या एखाद्या घरातल्या सॉकेटमागे कितीतरी जनित्रे, रोहित्रे आणि मैलोन्‌मैल तारा असतात. एवढ्यांचा हिशेब कसा मांडायचा?

तो मांडावाच लागत नाही, आणि यातले खरे सौंदर्य तेच आहे! समजा, रिकाम्या सॉकेटवर २३० व्होल्ट दिसले आणि १० अँपिअर घेणारा हीटर लावताच ते २२५ झाले. ५ व्होल्टची घट भागिले १० अँपिअर, म्हणजे ०.५ ओहम. ढोबळमानाने अख्खे जाळे आता २३० व्होल्टचा एक स्रोत आणि त्याला एकसर जोडलेला अर्ध्या ओहमचा रोध. हीटर काढून १६ अँपिअरचा गीझर लावला, तर २२२ व्होल्ट मिळतील. जाळे रेषीय हवे, एवढीच अट.

फ्रेंच तारखात्यातले अभियंते लेऑन तेव्हनँ यांनी हे प्रमेय १८८३ मध्ये मांडले. हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी ते १८५३ मध्येच प्रसिद्ध केले होते. पाठ्यपुस्तकांनी त्यांचेही नाव घ्यायला हवे.