काटा आणि हजेरीपट

वर्धा जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे हिंगणघाट-पुलगावच्या कापसाविषयी भरभरून लिहितात. तो वेचला कोणी, हे मात्र लिहीत नाहीत. मी वेचला आहे. सीतादहीचा दिवस आला की आमच्या वस्तीतली निम्मी पोरे शाळेतून गळत. संध्याकाळी माझी ओटी आईच्या गाठोड्यात रिकामी व्हायची. काट्यावर दोघांचे मिळून एकच वजन, मजुरी आईच्या नावाने. माझे नाव तेवढे शाळेच्या हजेरीपटावर, गैरहजर म्हणून.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रज सरकारची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. 1862 साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. पुढच्या काही वर्षांत रेल्वे आली आणि कापूस थेट मुंबईच्या बंदराला जोडला गेला. पण बोंडे काही एकदम फुटत नाहीत. तेच तास तीन-तीन, चार-चार वेळा वेचावे लागते. हात पुष्कळ लागतात. मजुरी वजनावर ठरली की मालकाला पोर कामाला ठेवावेच लागत नाही, आईच त्याला घेऊन येते. आणि वर दोष आईलाच! आपल्यातली शिकलेली मंडळीही असे बोलतात, तेव्हा चीड येते. एका बाईच्या दिवसभराच्या वेचणीत घर चालत असते, तर तिने पोराच्या हातातली पाटी काढून घेतली असती काय?

कायद्याने पोरांचे वय विचारले ते कारखान्याच्या दारात. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला, 1891 साली ही मर्यादा नऊवर गेली. शेताला दार नव्हते. संविधानाच्या कलम 24 ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याची कामे बंद केली. शेतीचे नाव त्यात नाही. 1986 च्या कायद्यानेही शेतीवर सरसकट बंदी घातली नाही.

याच वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी नई तालीमची योजना मांडली. मुलांनी सूत कातावे, हस्तोद्योगातून शिकावे आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगारही निघावा. प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच या स्वावलंबनाला विरोध केला होता. श्रमाची प्रतिष्ठा ज्यांना शिकायची होती त्यांनी जरूर शिकावी. आमच्या पोरांचे हात आधीच कामाला होते. त्यांना अक्षर हवे होते.

1972 साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, शेतकऱ्याला भावाची हमी दिली. ती हवीच होती. पण त्या भावातला वेचणारणीचा वाटा कोणी ठरवला नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात शेतमजूर होता. शेतात मात्र मालकाचाच दर चालला.

2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला परक्याच्या शेतात राबवणे गुन्हा ठरले. घरच्या शेतात शाळेनंतर मदतीला मुभा राहिली. ज्यांना शेतच नाही, त्यांची आई आजही परक्याच्याच पऱ्हाटीत उभी असते, आणि वेचणीचा दर आजही किलोवर ठरतो.