नावातले शून्य

अब्बा गेल्यानंतर त्यांचा जुना ट्रान्झिस्टर मी दुरुस्तीला नेला. रोज सकाळच्या बातम्या त्याच्यावरच ऐकत आम्ही मोठे झालो. कारागिराने मागचे झाकण काढले. आत तीन तारांची एक इवलीशी काळी कुपी होती. ‘‘वाचा भाई, काय लिहिलंय?’’ मी वाचले, ‘ओसी ७१’. अर्थ काही लागला नाही.

तो लागायला व्हॉल्व्हच्या जमान्यात जावे लागते. १९३४ साली युरोपात फिलिप्सने व्हॉल्व्हना नावे देण्याची रीत घातली. पहिले अक्षर आतली तार तापवायला किती वीज लागते ते सांगे, पुढचे आत काय आहे ते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘सी’ म्हणजे ट्रायोड. म्हणून ‘ईसीसी ८३’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. युरोपात तो बनू लागला तेव्हा त्याचे बारसे याच जुन्या रीतीने झाले. त्याला तापवावे लागत नव्हते, म्हणून पहिल्या जागी शून्य आले. शून्याचा ‘ओ’ झाला. टोके तीन, म्हणून ट्रायोडचा ‘सी’. जे लागत नाही, तेच नावात आधी आले!

पुढे १९६६ साली ब्रसेल्समध्ये ‘प्रो इलेक्ट्रॉन’ ही नोंदणी संस्था स्थापन झाली. तिच्या पद्धतीत पहिले अक्षर धातूसदृश पदार्थाचे: ‘ए’ जर्मेनियम, ‘बी’ सिलिकॉन. दुसरे कामाचे. ‘सी’ म्हणजे आवाजासाठीचा, कमी शक्तीचा ट्रान्झिस्टर. म्हणजे ‘बीसी १०७’ हा सिलिकॉनचा.

पण नाव सगळेच सांगत नाही. आमच्या रेडिओतल्या जळालेल्या भागावर ‘एसी १२’ एवढेच उरले होते, शेवटचा आकडा पुसलेला. ‘एसी १२७’ आणि ‘एसी १२८’ ही जोडी. दोन्ही जर्मेनियमचे, पण वीज एकमेकांच्या उलट दिशेने वाहते. एकाच्या जागी दुसरा लावला तर रेडिओ बोलत नाही. कारागिराने शेजारचा शाबूत जोडीदार बाहेर काढला, मीटर लावून त्याची दिशा तपासली आणि म्हणाला, ‘‘हा सत्तावीस. म्हणजे गेला तो अठ्ठावीस.’’

जुन्या डब्यातून त्याने एक ‘एसी १२८’ शोधून डाग दिला. आधी खरखर झाली, मग निवेदिकेचा आवाज आला. ट्रान्झिस्टर घरी आणून मी अब्बांच्या खिडकीत ठेवला.