शालेय अभ्यासक्रमात नाट्यकलेचे स्थान

डिसेंबर उजाडला की शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. तालमींसाठी तास सोडले जातात, पालकांकडून वेशभूषा जमवली जाते. धीट आणि पाठांतरात तरबेज मुले रंगमंचावर चढतात, उरलेली प्रेक्षकांत बसतात. संमेलन आटोपले की नाटक वर्षभरासाठी शाळेतून हद्दपार होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांचा शाळेत नाट्यकलेशी येणारा संबंध एवढाच. वास्तविक, देशाच्या अभ्यासक्रम आराखड्याने नाटकाला याहून फार मोठे स्थान दिलेले आहे.

प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या 'राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५' साठी विविध विषयांचे २१ अभ्यासगट नेमण्यात आले होते. त्यांपैकी एक कला, संगीत, नृत्य व नाट्य या विषयांचा होता. संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य या चारही कलांना दहावीपर्यंत शालेय विषयाचा दर्जा असावा, ही भूमिका या आराखड्याने घेतली. कला म्हणजे चित्रकला, फार तर गायन, ही शाळांची रूढ समजूत होती. त्यात नाटकाला बरोबरीची जागा मिळाली, हे या दस्तऐवजाचे महत्त्व होय.

मात्र असा आराखडा राज्यांना बंधनकारक नसतो. शिक्षण हा १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीतील विषय असून, राज्ये आपापला अभ्यासक्रम ठरवतात. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला तेव्हा सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या निदेशकाची तरतूद झाली. पण ती अंशकालीन. शिवाय चारपैकी कोणती कला शिकवायची, याबाबत कायद्यात काही नाही. साहजिकच जो उपलब्ध होतो तो बहुधा चित्रकला शिक्षक असतो.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. नाटक हे इतर विषय शिकवण्याचे साधन असू शकते आणि तो स्वतंत्र विषयही असू शकतो. इतिहासाच्या तासाला मुलांनी शिवरायांच्या दरबारातील प्रसंग उभा केला, तर इतिहास समजण्यास मदत होते. परंतु तेथे मूल्यमापन इतिहासाचे होते, अभिनयाचे नव्हे. नाट्याच्या तासाला मूल आवाजाची फेक शिकते, शरीराचे भान शिकते. समोरच्याचे वाक्य ऐकून त्यावर उत्स्फूर्तपणे प्रतिसाद देते. मधल्या सुटीतील भांडण दोन्ही बाजूंनी करून पाहते. या तासाला प्रेक्षक असण्याची गरज नसते आणि चांगल्या तासाअखेरीस दाखवण्याजोगे काही हाती लागतेच असे नाही. नेमके हेच संस्थाचालकांच्या गळी उतरवणे कठीण जाते.

'कला-समन्वित शिक्षणा'वर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भर दिला. तत्पूर्वी २०१९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांत पहिली ते बारावी कलाशिक्षणाला आठवड्यातून किमान दोन तासिका देण्याचे आणि इतर विषयांशीही कलेची सांगड घालण्याचे ठरवले. या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्यात, हे योग्यच. धोका असा की, समन्वय साधला म्हणून स्वतंत्र तासिकेची गरज संपली, असा सोयीस्कर अर्थ लावला जातो.

इंग्लंडचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तेथे १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्यात चित्रकला व संगीत हे विषय म्हणून आले, नाटक मात्र इंग्रजीच्या पोटात गेले. म्हणजे शेक्सपिअरच्या देशात नाटकाचे भवितव्य इंग्रजीच्या शिक्षकाच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहिले. याउलट न्यूझीलंडने २००७ च्या अभ्यासक्रमात नृत्य, संगीत व दृश्यकलांच्या जोडीने नाटकाला समान स्थान दिले. आपल्याकडेही मराठीच्या पाठ्यपुस्तकात नाट्यउतारा असतो. तो आळीपाळीने वाचला जातो, खालचे प्रश्न सोडवले जातात आणि पुढचा धडा सुरू होतो.

महाराष्ट्रात ही उणीव अधिक जाणवते, कारण शाळेबाहेर बालरंगभूमीची परंपरा समृद्ध आहे. सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'ने १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. त्याचे लेखक रत्नाकर मतकरी यांनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था चालवली. १९८० च्या दशकात पुण्यात 'ग्रिप्स'ची चळवळ रुजली आणि मुलांचे रोजचे प्रश्न रंगमंचावर आले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने तर १९८९ मध्ये खास बालरंगभूमीसाठी स्वतंत्र पथक उभारले. उन्हाळी नाट्यशिबिरे आजही भरतात; पण तेथे पोहोचतात ती शुल्क भरू शकणारी शहरी मुले. ज्या मुलाला शाळेखेरीज दुसरे दार नाही, त्याच्यासाठी अभ्यासक्रमातील जागा हाच एकमेव मार्ग उरतो.

चित्रकलेला राज्यात ही जागा मिळाली, कारण तिच्यामागे यंत्रणा होती. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, कलाशिक्षकांची पदविका होती, शाळेत पद होते. नाट्यशिक्षकासाठी अशी साखळी उभी राहिली नाही. नाट्यशास्त्राची पदवी घेतलेला तरुण मालिकांच्या चित्रीकरणाकडे वळतो; शाळेत त्याच्यासाठी पदच नसते.

२०२३ च्या राष्ट्रीय आराखड्याने नववी-दहावीसाठी मांडलेल्या दहा विषयांत कलाशिक्षणाचा समावेश केला आहे. त्यानुसार 'एनसीईआरटी'ने २०२४ मध्ये तिसरीसाठी 'बाँसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलाशिक्षणाची पाठ्यपुस्तके काढली. 'कृति'त दृश्यकला, संगीत आणि नृत्याबरोबर नाट्याचाही विभाग आहे. मुलांच्या हाती नाटकाचे पुस्तक प्रथमच अशा रीतीने पडत आहे. तो विभाग कोण शिकवणार, हे मात्र शाळेच्या वेळापत्रकावर आणि राज्याच्या पदमंजुरीवरच ठरेल.