लॉरिक आम्ल व त्याची एस्टरे

लॉरिक आम्ल हे बारा कार्बन अणूंच्या सरळ साखळीचे संपृक्त मेदाम्ल आहे. शुद्ध रूपात ते पांढरे व मेणचट असते आणि सुमारे ४४° से. तापमानाला वितळते, पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. निसर्गात ते सुटे क्वचितच आढळते, बहुतेक ग्लिसरॉलशी जोडलेल्या एस्टरांच्या रूपात असते. खोबरेलातील मेदाम्लांपैकी जवळपास निम्मे हेच. इतर मेदाम्लांची सरमिसळ असल्याने खोबरेल मात्र सुमारे २४° से.लाच वितळते, थंडीच्या दिवसांत बाटलीत ते गोठते ते यामुळेच.

खोबरेल कॉस्टिक सोड्याबरोबर तापवले की एस्टरबंध तुटतात, ग्लिसरीन सुटे होते आणि मुख्यतः सोडियम लॉरेट मिळते. साखळी आखूड असल्याने हा साबण चटकन विरघळतो, भरपूर फेस देतो, अगदी समुद्राच्या पाण्यातही. म्हणून खलाशांसाठीचे साबण खोबरेलापासून करत. त्वचा मात्र तो कोरडी करतो.

मेथिल लॉरेटचे हायड्रोजनीकरण करून लॉरिल अल्कोहोल मिळवतात. शाम्पू व टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट या अल्कोहोलापासून बनते. ते लॉरिक आम्लाचे एस्टर नव्हे, हा फरक वारंवार विसरला जातो. ग्लिसरॉल मोनोलॉरेट पायसीकारक असून अनेक जिवाणूंची वाढ रोखते.

खोबरेलाला सरसकट ‘एमसीटी तेल’ (मध्यम साखळीच्या ट्रायग्लिसराइडांचे तेल) म्हणणे दिशाभूल करणारे आहे. वैद्यकीय आहारातील ते तेल प्रामुख्याने आठ व दहा कार्बनांच्या आम्लांचे असते. ही आम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जातात. लॉरिक आम्लाचा मोठा भाग लांब साखळीच्या मेदाम्लांप्रमाणे लसिकावाहिन्यांतून शोषला जातो.