हातांतली चावडी

राग ही कांहीं नवी वस्तु नव्हे. तो एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचावयास लागणारा काळ मात्र गेल्या दहा वर्षांत नाहींसा झाला आहे. आणि बीड जिल्ह्यांत त्याचे जे परिणाम झाले, ते विचार करण्यासारखे आहेत.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. गांवचा तंटा चावडीवर येई, आणि तेथें भांडणाऱ्यांस एकमेकांचीं तोंडें पाहावीं लागत. परगांवची बातमी आठवडी बाजाराबरोबर येई. तोंवर निम्मा संताप निवालेला असे. त्या काळचे तंटे सौम्य होते असें मात्र कोणीं समजूं नये.

सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें आणि मोबाइल हीच तरुणांची चावडी बनली. बीडमध्यें त्यास विशेष कारण होतें. येथील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. फडावरच्या पोराला गांव उरतें तें त्या पडद्यापुरतेंच. गांवचें भांडण त्याला तत्क्षणीं कळतें. समोरच्याचा चेहरा तेवढा दिसत नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें मराठा आरक्षणासाठीं मनोज जरांगे यांचें उपोषण शेजारच्या जालना जिल्ह्यांत, अंतरवाली सराटी येथें, चालू होतें. माजलगांवचे आमदार प्रकाश सोळंके यांच्या संभाषणाची म्हणून एक ध्वनिफीत मोबाइलांवरून फिरली. ३० ऑक्टोबर रोजीं जमावानें त्यांचें घर पेटविलें. सोळंके स्वतः आंत होते. ते सुखरूप राहिले हें दैवच म्हणावयाचें. त्याच दिवशीं बीड शहरांतही जाळपोळ झाली. संचारबंदी पुकारून इंटरनेट बंद करावें लागलें. हा उपाय तेव्हां १८८५ च्या तार कायद्याखालीं २०१७ सालीं केलेल्या नियमांतला होता. कांहीं तरुणांचीं तोंडें मिटावयाचीं म्हणून व्यापाऱ्याचा व्यवहार अडतो आणि विद्यार्थ्याचा अर्जही. असे हुकूम प्रमाणशीर असावेत व ते प्रसिद्ध करावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं बजावलें होतें. पण जळत्या घरापुढें उभ्या असलेल्या अधिकाऱ्यापाशीं दुसरें साधन तरी कोणतें होतें?

पुढचें वर्ष अधिक वाईट गेलें. ४ जून २०२४ ला लागलेल्या लोकसभेच्या निकालांत बजरंग सोनवणे यांनीं पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनीं पराभव केला. मतमोजणी संपली, मराठा व वंजारी तरुणांचें मोबाइलवरील युद्ध संपलें नाहीं. ज्यांचे बांध एकमेकांस लागून, तीं घरें आडनांवांवरून निराळीं मोजलीं जाऊं लागलीं.

९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचें अपहरण होऊन खून झाला. मारहाण करणाऱ्यांनींच ती मोबाइलवर टिपली, असें आरोपपत्र म्हणतें. पूर्वीं गुन्हेगार पुरावा लपवीत. येथें त्याची करमणूक झाली, असा त्याचा अर्थ होतो. मार्च २०२५ मध्यें तीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं.

त्याच वर्षीं जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनीं पोलिसांच्या छातीवरील नामपट्टींतून आडनांव काढविलें. पट्टीवर नुसतें पहिलें नांव राहिलें. आडनांव वाचून कोणीं जात ताडूं नये, हा हेतु.