नऊवारी ‘काकूबाई’ होती, मग ‘कूल’ कशी झाली? ट्रेंड ठरवतं तरी कोण?

गुढीपाडवा आला की गिरगावच्या शोभायात्रेचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. नऊवारी, फेटा, गॉगल आणि खाली बुलेट. कमेंट ठरलेल्या असतात, ‘काय स्वॅग आहे!’

याच मुंबईत शीव कोळीवाडा आहे. ‘शीव’ म्हणजे हद्द. मुंबई आणि साष्टी या बेटांची हद्द इथे होती, म्हणून हे नाव. शीव असो की वरळी, कोळीवाड्यांतल्या जुन्या पिढीच्या बायका रोज काष्ट्याचं लुगडंच नेसत आल्या. त्याला स्वॅग कुणी म्हटलं नाही. काष्टा तोच, मग कौतुक वेगळं का?

कामासाठी घडलेला पोशाख

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. कोळणी ते गुडघ्यापर्यंत घट्ट नेसतात आणि वरून फडकी घेतात. चिखलात उतरायचं, डोक्यावर पाटी घ्यायची, बाजारात तासन्‌तास बसायचं, तर पाय मोकळे हवेत. पुरुषांचा कमरेचा त्रिकोणी रुमालही असाच, पाण्यात आणि होडीत अडचण न होणारा. या कपड्यांची रचना सीझन बघून नाही, काम बघून ठरली.

मग ती जुनाट कधी झाली?

शहरात मुली शाळा-कॉलेजात आणि ऑफिसात जाऊ लागल्या, तशी गोल साडी ‘सुधारलेली’ मानली गेली. नऊवारी आजीकडे, लग्नातल्या विधींकडे आणि लावणीच्या फडाकडे उरली. कोळी पोशाख शाळेच्या गॅदरिंगमधल्या कोळी नृत्यापुरता आला.

पुढे वारं फिरलं. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘पिंगा’ गाणं गाजलं. त्यावर टीकाही झाली, पण नऊवारी चर्चेत आली. नेसायचं कसं हा प्रश्न शिवलेल्या नऊवारीने सोडवला. पायजम्यासारखी चढवा आणि निघा.

याला काही नियम आहे का?

इंग्लंडमधले वेशभूषेचे अभ्यासक जेम्स लेव्हर यांनी १९३७ मध्ये एक गमतीदार तक्ता मांडला. त्यांच्या मते एखादा कपडा काळाच्या दहा वर्षं आधी घातला तर असभ्य वाटतो, त्या वर्षी स्मार्ट, वर्षभराने गबाळा आणि दहा वर्षांनी भयंकर. पन्नास वर्षं उलटली की त्याच कपड्याचं अप्रूप वाटू लागतं आणि दीडशे वर्षांनी तो सुंदर ठरतो. कपडा तोच असतो, बघणारे बदलतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गिओर्ग झिमेल यांनी १९०४ मध्ये कारण सांगितलं होतं. वरचा वर्ग वेगळं दिसण्यासाठी काहीतरी घालतो, खालचे त्याची नक्कल करतात, मग वरचे ते सोडून नवं शोधतात. आज हा प्रवास उलटाही होतो. कामकऱ्यांची जीन्स जगाची फॅशन झाली.

यात धंदा किती?

बराच. पुढच्या सीझनचे रंग आणि कापड यांचे अंदाज विकणाऱ्या कंपन्या आहेत. डब्ल्यूजीएसएन ही त्यातली मोठी कंपनी १९९८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. ब्रँड हे अंदाज विकत घेतात, त्यानुसार माल बनवतात, आणि दुकानात सगळीकडे तेच दिसलं की आपल्याला वाटतं, ‘सध्या हेच चालू आहे.’ अर्थात, लोकांनी नाकारलेले ट्रेंडही कमी नाहीत. नऊवारीच्या बाबतीत तर पाडव्याला ती हौसेने नेसणाऱ्या बायकांचा वाटा मोठा आहे.

मग अडचण कुठे आहे?

कौतुक कपड्याला मिळतं, तो जपणाऱ्यांना मिळतंच असं नाही. कोळी पोशाखात फोटो काढायला सगळ्यांना आवडतं, पण तोच पोशाख घातलेली कोळीण पाटी घेऊन शेजारी आली की नाक मुरडणारेही असतात.

कोल्हापुरी चपलेचंही तसंच झालं. तिला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, पण सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. टीका झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. चप्पल होती तीच होती. मिलानला गेली म्हणून ती ‘फॅशन’ झाली.

पुढचा ट्रेंड आला की काय बघायचं?

- हे मला आवडतंय, की फक्त सारखं दिसतंय म्हणून हवंय?
- रील टाकून झाल्यावर हे पुन्हा कधी घालणार?
- हे मुळात कुणाचं आहे आणि माझे पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचतात का?

तिन्हींची उत्तरं पटली तर खुशाल घ्या. पण बाजारात कोळणीकडून मासे घेताना तिच्या लुगड्याकडेही एकदा बघा. ते ट्रेंडमध्ये यायच्या आधीही तिच्या अंगावर होतं.